मुलीचं नाव यल्लव्वा ठेवायचंय. घरात सगळे गप्प झालेत

बाळंतीण_बेळगावात

नमस्कार मंडळी. मुलगी झाली, आज तेरावा दिवस. सासरची माणसं पुण्याहून येणार, तीही शनिवार-रविवार बघून, म्हणून बारसं सव्वा महिन्याला ठरलंय. म्हणजे हातात तीनेक आठवडे आहेत आणि एक नाव आहे. यल्लव्वा.

माझ्या आज्जीचं नाव, बाबांच्या आईचं. आई दिवसभर शेतात असायची, मला वाढवलं ते आज्जीनं. डोक्यावर भाजीची बुट्टी घेऊन बेळगावच्या बाजाराला यायची आणि परत जाताना कमरेच्या पिशवीत माझ्यासाठी कागदात बांधलेला कुंदा असायचा. बोटभर, पण असायचा. गेल्या श्रावणात गेली.

तिचा पितळी तांब्या माझ्याकडं आहे. त्यावर ठोके मारून घातलेलं नाव आहे, ‘सौ. यलुबाई’. एकच ल. भांडीवाल्यानं आपल्या मनानं मराठी करून टाकलं असणार. रेशनकार्डावर कानडीत यल्लव्वा. मतदार यादीत यल्लम्मा. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तिन्ही चालायची.

घरचा हिशेब असा: नवरा ‘बरं आहे की’ म्हणाला आणि फोन बघायला लागला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आपल्यात असली नावं नसतात.’ नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून नणंदेनं चौदा नावांची यादी पाठवलीय, पहिलं कियारा. आणि माझी आई काय म्हणाली ते नंतर सांगते, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

ठेवू का? की बाळंतपणात माझं डोकं फिरलंय?

दुसरं_गेट

ठेव की गं अक्का. एवढा काय विचार करायलीस? नाव काय खायला मागतंय?

पुण्याची_मावशी

अभिनंदन. बाळ-बाळंतीण सुखरूप ना? रागावू नका, पण स्पष्ट लिहिते. आज्जी तुमची. नाव वागवायचं लेकीला. बालवाडीत पहिल्याच दिवशी पोरं ‘यल्ला यल्ला’ करून नाचतील. माझ्या भाचीचं चंद्रभागा ठेवलं होतं, आणि ते तर किती गोड नाव! सहावीत तिनं वहीवर स्वतःच चंद्रा केलं, कॉलेजात गेल्यावर सी.बी. झाली.

देवीचंच हवं असेल तर रेणुका ठेवा. देवी तीच. कुणाची भुवई वर जाणार नाही.

बाळंतीण_बेळगावात

मावशी, राग नाही. पण देवी तीच, तर एका नावाला भुवई चढते आणि दुसऱ्याला का चढत नाही, हेच मला कळेना झालंय. सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन बघा. माणूस ‘उदं गं आई उदं’ म्हणतो तेव्हा रेणुका वेगळी आणि यल्लम्मा वेगळी असं काही नसतं. परशुरामाची आई ती. पुराणात रेणुका, बैलगाडीत यल्लव्वा.

नावात_काय

नाव ठेवलं की नावं ठेवणारे आलेच!

दुसरं_गेट

आलास काय? धाग्यावर हा विनोद कोण करतंय याचीच वाट बघायलो होतो.

कल्लाप्पा_हजर_सर

माझं नाव खरंच कल्लाप्पा आहे. कलमेश्वर आमचा ग्रामदेव, त्यामुळं घरटी एक कल्लाप्पा. गावात होतो तोवर या नावाचं काही वाटलंच नाही. शेजारच्याचंही तेच, त्याच्या चुलत्याचंही तेच.

इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो. होस्टेलात पहिल्याच रात्री कल्लू झालो, त्याचं काही नाही, तिथं प्रत्येकाचं काहीतरी होतंच. पण मेसच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, ‘कानडी असून मराठी किती छान बोलतोस रे!’ मी ज्ञानेश्वरीची पारायणं ऐकत वाढलेला माणूस. काय सांगणार? ‘हो’ म्हटलं आणि आमटी वाढून घेतली.

पुढं नोकरी बेंगळुरूला. नाव बघून सगळे माझ्याशी थेट कानडीत सुरू. मला येतंय की कानडी, पण ते आमचं बेळगावकडचं. दोन वाक्यं झाली की समोरचा विचारतो, ‘महाराष्ट्रा?’ पुण्यात नावामुळं कानडी, बेंगळुरूत बोलण्यामुळं मराठी. घरी आलो की नुसता कल्ल्या.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत आपल्या तुरमुरीच्या पोरीनं कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीच्याच एका प्रकारात, कांस्यपदक जिंकलं ते आठवतंय का? बातमीत पूर्ण नाव आलं होतं, मलप्रभा यल्लाप्पा जाधव. ऑफिसातला एक जण म्हणाला, हे कुठल्या प्रकारचं नाव? मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवणारी नदी, यल्लाप्पा सौंदत्तीच्या देवीवरनं, आणि आडनाव जाधव. बाहेरच्याला तीन तुकडे दिसतात. आम्हाला त्यात खटकण्यासारखं काही सापडत नाही.

ताई, ठेवा तुम्ही. माझ्या पोराचं काय ठेवलं ते विचारू नका. विहान. भ्यालो मी.

घुगऱ्या_स्पेशल

विषयांतर होतंय, माफ करा. बारशाच्या घुगऱ्यांना हरभरे रात्री किती वाजता भिजत घालायचे? आमचे मागच्या वेळी कच्चट राहिले होते.

दुसरं_गेट

आदल्या दिवशी संध्याकाळीच घाल. आणि हरभरे नवे घे, जुने कितीबी शिजवलं तरी दगडच.

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचतो आहे. चौतीस वर्षं मराठी शाळेत काढली, त्यातली बरीचशी हजेरी घेण्यात गेली, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात तीन यल्लाप्पा होते. वडिलांच्या नावानेही वेगळे करता येईनात, कारण दोघांचे वडील कल्लाप्पा. शेवटी मळ्यातला, विहिरीजवळचा आणि पाटलाच्या वाड्यामागचा अशी हजेरी घ्यायचो. बाकीची नावे सांगतो: रवळू, सातेरी, लगमाण्णा, भरमा, परशराम, जोतिबा, निंगाप्पा, नागव्वा. ही यादी म्हणजे त्या पंचक्रोशीतल्या देवळांची यादी होती. खानापूर-चंदगडकडचा असला की रवळू, कारण तिकडे रवळनाथ. सौंदत्तीचा नवस असला की यल्लाप्पा. मुलाचे नाव ऐकून त्याचे कूळ कुठल्या देवाला जाते ते सांगता यायचे. सातेरी ही खरे तर देवी, पण आमच्याकडे पुरुषांचे नाव. ते कुणाला विचित्र वाटत नसे.

पुढे हजेरीत सचिन आले, अजय-विजय आले. मी निवृत्त झालो त्या वर्षी पहिलीत श्रेयांश, रियांश आणि शिवांश असे तिघे होते. त्यांनाही मला जागेवरूनच वेगळे करावे लागले: खिडकीतला, मधला, दाराजवळचा. म्हणजे वेगळे नाव म्हणून जे ठेवतात तेही शेवटी तिघांचे एकच होते!

‘कानडी नाव’ म्हणतात त्याबद्दल एक. आप्पा, आण्णा, अक्का हे शब्द मराठीने कधीच आपलेसे केले. पुण्यातही घरोघरी एखादे आप्पा, एखादे अण्णा निघतात. तेच नावाला चिकटले, यल्लाप्पा-भरमाण्णा झाले, की पुणेकराला परके वाटते.

आणि थोर माणसांची घरची नावे कुणाला आठवतात? सुळेभावीच्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांना तुम्ही ऐकले आहे. कुमार गंधर्व म्हणून.

पुण्याची_मावशी

मास्तर, शेवटच्या उदाहरणानं माझंच म्हणणं पक्कं झालं की! शिवपुत्र मागं पडलं आणि कुमार पुढं आलं.

निवृत्त_मास्तर

ते बाराखडीतून नव्हे, गळ्यातून पुढे आले. पण मान्य, उदाहरण चुकले.

चिकोडीवाली

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी जरा कडू लिहिते.

आमच्या गल्लीच्या शेवटी तीन घरं होती. तिन्ही घरांतल्या मोठ्या बाईचं नाव यल्लव्वा. तिघीही देवीला सोडलेल्या, देवदासी. एकीच्या डोक्यात लहानपणी जट आली, घरच्यांनी ती देवीची खूण मानली, झालं. कायद्यानं बंदी १९८२ साली आली. त्याआधी मुंबई इलाख्यात १९३४ चाही कायदा होता. पण कायदा आला म्हणून त्या बायकांचं गेलेलं आयुष्य परत आलं नाही. मार्गशीर्षातल्या पुनवेला डोंगरावर जाऊन बांगड्या फोडायच्या, माघातल्या पुनवेला परत भरायच्या. आमच्या आया आम्हाला त्या घरांकडं पाठवायच्या नाहीत, आणि हळदी-कुंकवाला मात्र त्या जोगवा मागायला आल्या की पाया पडायच्या. हा दुटप्पीपणा मी बघितलाय.

त्यामुळं यल्लव्वा म्हटलं की मला कुंदा आठवत नाही. मला जोगतिणी वाजवतात त्या चौंडक्याचा आवाज येतो आणि त्या तिघीतल्या धाकटीचा चेहरा दिसतो. तुमच्या सासूबाई ‘आपल्यात नसतात’ म्हणाल्या ना, त्यातलं ‘आपल्यात’ काय आहे ते बघा. ते भाषेचं नाही.

कल्लाप्पा_हजर_सर

खरं आहे. पण यल्लव्वा-यल्लाप्पा ही नावं नवसानं सगळ्याच जातींत ठेवतात, सोडलेल्या बायकांपुरती ती कधीच नव्हती. आमच्या मराठा घरांतच पाच निघतील.

चिकोडीवाली

निघतील. त्यांतल्या कितींनी पुण्याच्या सोयरिकीत ते नाव सांगितलं?

बाळंतीण_बेळगावात

अक्का, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. बाळाला पाजताना तेच डोक्यात. आज्जी अशा बायकांशी कशी वागायची ते आठवत बसले. आमच्या पडवीत जोगतीण आली की तिच्या डोक्यावरची जगाची (देवीच्या मूर्तीची) टोपली खाली उतरवून घ्यायला आज्जी स्वतः उठायची, हे आठवलं. बाकी काही आठवलं नाही, आणि जे आठवत नाही ते चांगलंच असेल असं मी म्हणणार नाही.

आता आईचं सांगते. मला वाटलं होतं आई खूश होईल. ती म्हणाली, ‘अगं, माझ्या सासूचं नाव मी तोंडानं कसं घेऊ? चाळीस वर्षं घेतलं नाही. आणि पोरगी रडून धिंगाणा घालायला लागली तर यल्लव्वे म्हणून धपाटा घालू काय? सासूला?’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुण्याचे काय म्हणतील याची मी तयारी करून बसले होते, आणि अडवणूक झाली ती स्वयंपाकघरातून.

दुसरं_गेट

काकूंचं बरोबर आहे गा. आमच्या आईनं माझ्या भावाला जन्मभर ‘मामंजी’ म्हणून हाक मारली, आजोबांचं नाव ठेवलंय म्हणून. शिव्या द्यायची वेळ आली की बाबांकडं बघून द्यायची.

कानडी_शेजारीण

मी कानडी, शहापूरला वाढले, शेजार सगळा मराठी. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

‘एल्ला’ म्हणजे सगळे. सगळ्यांची अव्वा ती यल्लव्वा, असं आमच्याकडं सांगतात. पण तुम्हाला वाटतंय तसं हे नाव कानडी घरांत आज चालतं असं समजू नका हं. माझ्या बहिणीला तिच्या नातीचं नाव बसव्वा सुचवलं तर ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नातीचं नाव आद्या आहे. तुमच्या पुण्यात जे होतं तेच आमच्या हुबळीत होतं. हा भाषेचा प्रश्न कमी आहे, वयाचा आणि खेड्याचा जास्त.

अजून एक. आमच्याकडं साकव्वा नावाच्या बायका असतात. लोक हसतात, ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’, मुली पुरे झाल्या म्हणून ठेवलं. पण ‘साकु’ म्हणजे पोसणं, वाढवणं असंही होतं. कुठल्या घरात कुठला अर्थ होता ते त्या घरालाच ठाऊक.

सातारकरीण

साकव्वावरून आठवलं. आमच्या जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली होती. सगळ्या नकोशा किंवा नकुशी. जुनी नावं म्हणून सगळीच जपायची नसतात. दगडू, धोंडू, भिकू ही निदान पोर जगावं म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली असायची. नकुशीचं तसं नाही.

ताईंचं यल्लव्वा मात्र या खात्यात पडत नाही. ते कुणीतरी हवं म्हणून मागून घेतलेलं नाव आहे.

नोंदणीवाला

भावनिक चर्चा चालू द्या, मी कागदाचं सांगतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती दवाखान्याकडून जातेच. पण नोंदीच्या वेळी नाव नसलं तरी चालतं. नाव पुढच्या १२ महिन्यांत फी न भरता घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे बारशाची घाई करायचं कारण नाही. मात्र एकदा नाव चढलं की बदलायला फार हेलपाटे. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार, मतदार यादी सगळीकडं जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार. त्यामुळं ‘कागदावर एक, घरी एक’ करायचं असेल तर कागदावरचं नीट ठरवा.

दुसरं, स्पेलिंग. इथला दाखला कानडी आणि इंग्रजीत येतो. कानडीत अडचण नाही. इंग्रजीत वाय-ए की वाय-ई, एल एक की दोन, शेवटी व्ही दोन की डब्ल्यू, हे घरून लिहून न्या. माझ्या वडिलांच्या नावात सात-बाऱ्यावर एक ल, पेन्शनच्या कागदावर दोन. तो एक ल जुळवायला आम्ही प्रतिज्ञापत्रं किती केली ते मोजायचं सोडून दिलं.

नावात_काय

शहराचं स्पेलिंग २०१४ साली बदललं तरी आमच्या तोंडात अजून बेळगावच आहे. पोरीचंही तसंच होणार. कागदावर काहीही ठेवा, हाक वेगळीच पडते.

दुसरं_गेट

हे बरं बोललास. आधीचं माफ.

पुण्याची_मावशी

मी अजूनही रेणुकावरच आहे. पण बारशाचे फोटो टाका बरं का.

*(पाच आठवड्यांनी)*

बाळंतीण_बेळगावात

धागा वर काढते, बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं.

बारसं झालं. नणंदेशी आधी फोनवर बोलले, तासभर. ती काही विरघळली वगैरे नाही. म्हणाली, ‘वहिनी, मला हे नाव आवडलेलं नाही, पण मुलगी तुझी आहे. मी पुण्यात तिला कियाराच म्हणणार, तू मध्ये पडायचं नाहीस.’ ठरलं. पाळण्यात वाकून तिनंच कानात कुर्र केलं, आणि मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नंतर पाठ चोळत मला म्हणाली, ‘नाव जुनं म्हणून धपाटेही जुन्या पद्धतीचे का गं?’

आई हाक मारताना ‘म्हातारे’ म्हणते. पोरगी रडली की ‘ए म्हातारे, गप की’. त्यात तिला सासूला बोलल्याचंही समाधान मिळत असावं असा मला संशय आहे.

चिकोडीच्या अक्कांनी मला निरोपात लिहिलं होतं, ‘मी नको म्हटलं नव्हतं, माहीत असू दे एवढंच.’ आहे माहीत.

काल आम्ही दोघं नाव घालायला नोंदणीच्या खिडकीवर गेलो. नोंदणीवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणं स्पेलिंग मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं. गाडीत बसल्यापासून नवरा पाच वेळा म्हणाला, ‘वाय-ए ना? नक्की वाय-ए?’ खिडकीतला माणूस कानडी. मी नाव सांगितलं. त्यानं मान वर केली नाही, माझ्या चिठ्ठीकडं बघितलं नाही, कानडीत खाडखाड टाइप केलं आणि पडदा आमच्याकडं फिरवला. दोन ल, दोन व, सगळं जागच्या जागी. खाली इंग्रजीतही तसंच.

मग सासरच्या आडनावाला आला. त्यात झ आहे. तेवढं मात्र त्यानं दोनदा विचारलं.